१२ एमएम कॅरम बोर्ड, स्टँडसकट – वर्षभर वापरून लिहितेय, ४ स्टार

आधीच सांगते हा रिव्ह्यू लांबणारे. ज्यांना फक्त घ्यावा का नाही एवढंच हवंय त्यांनी डोळे मिटून घ्या, बोर्ड चांगलाय, पुढे वाचू नका. ज्यांना वेळ आहे त्यांनी चहा टाका मग या.

तर मी डोंबिवली पूर्वेला राहते, जुनी चार मजली सोसायटी, लिफ्ट नाही (हे महत्त्वाचंय, पुढे येईल). वय ३६, को-ऑपरेटिव्ह बँकेत नोकरी, घटस्फोट होऊन चार वर्षं झाली, आई आणि मी दोघीच. आता म्हणाल कॅरम बोर्डच्या रिव्ह्यूत हे कशाला, तर तेही येईल.

कॅरम मला बाबांनी शिकवला. ठाकुर्लीच्या चाळीत आमचा बोर्ड होता त्याचा प्लाय चार एमएमचा असेल नसेल, मधे असा खोलगट झालेला की कुठूनही मारा सोंगट्या आपोआप मधे गोळा, त्यावर शिकल्यामुळे मला कट जमायचा पण लांबचा सरळ शॉट कायम चुकायचा आणि मी आयुष्यभर बोर्डाला नावं ठेवत राहिले. सोसायटीचा बोर्डही त्याच लायकीचा. गणपतीत पार्किंगमधे हॅलोजन लावून स्पर्धा होते, बायकांची वेगळी पुरुषांची वेगळी असं आधी होतं, मी दोन वर्षं भांडून ते बंद पाडलं आणि सगळ्यांची एकच केली. त्यात २०२४ ला मी फायनलला पोचले.

समोर बी विंग, तीनशे दोन.

नाव लिहीत नाही, आमच्या घरात तो अजूनही तीनशे दोनच आहे. वय ३९, एमआयडीसी फेज टूला स्वतःचं छोटं वर्कशॉप, लेथवर काम करतो, घटस्फोट झालेला. ही सगळी माहिती मला पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मी न विचारता दिलेली. माझी त्याच्याबद्दलची माहिती वेगळी होती, ती म्हणजे हा माणूस एजीएममधे माझ्या स्कूटरच्या पार्किंगवरून वीस मिनिटं बोलला होता, टाकी धुवायच्या तारखेवरून ग्रुपवर माझ्याशी रात्री साडेअकरापर्यंत भांडला होता आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'मॅडम' लिहायचा. तो मॅडम वाचला की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आता फायनल. ज्यांना कॅरम कळतो त्यांनी नीट वाचा, न कळणाऱ्यांनी एक परिच्छेद सोडा. २५ पॉइंटचा सेट. तो २२, मी १९. शेवटचा ठरलेला बोर्ड, म्हणजे डाव, राणी मी घेतली, लगेच स्वतःची सोंगटी घालून कव्हर केली, माझ्या दोन पांढऱ्या उरलेल्या, त्याच्या चार काळ्या. मी जिंकले असते तर त्याच्या उरलेल्या चार सोंगट्यांचे चार आणि राणीचे तीन, सात, म्हणजे २६, विषय संपला. मी शॉट घ्यायला हात ठेवला आणि हा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "बांगडी लागली. सोंगटी हलली." सेक्रेटरी काका अंपायर, त्यांचा एक डोळा आरतीच्या तयारीकडे, त्यांनी फाउल दिला. माझी घातलेली एक पांढरी बाहेर काढून मधे ठेवली, याला ड्यू म्हणतात, म्हणजे दंड, वर माझी पाळी गेली. त्याने पुढच्या एका पाळीत चारही काळ्या घातल्या. चारही! माझ्या उरल्या तीन, २२ आणि तीन २५, सेट त्याचा. ड्यू नसता तर माझ्या दोनच उरल्या असत्या, त्याचे २४ झाले असते आणि अजून एक बोर्ड झाला असता. म्हणजे तो बरोब्बर त्या एका बांगडीने जिंकला. बक्षीस काय तर स्टीलचा डबा. वर हात मिळवताना म्हणतो, "बांगडी काढून खेळायचं ना मॅडम."

त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. आणि दिवाळीच्या सेलमधे मी हा बोर्ड मागवला.

किंमत स्टँड, सोंगट्या, स्ट्रायकर, पावडरचा डबा सगळं मिळून सात हजाराच्या थोडी आत पडली. आई म्हणाली एवढ्यात मिक्सर आला असता. आला असता.

डिलिव्हरीचा एक स्टार मी इथेच कापतेय. मुलाने खोकं गेटवर टेकवलं आणि फोनवर सांगितलं वर नेणार नाही, लिफ्ट नाहीये ना तुमच्याकडे. त्याचंही बरोबर असेल, दिवाळीत त्याला किती घरं असतील, पण पैसे घेताना घरपोच लिहिलं होतं. मी खोक्याभोवती फेऱ्या मारत होते, वजन केलं नाही पण एका माणसाने जिना चढायचं काम नाही, आणि तेवढ्यात तीनशे दोन वर्कशॉपमधून आला, शर्टाला तेलाचा वास, खिशात स्टीलची फूटपट्टी. खोक्यावरचं चित्र बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"एवढा महाग घेतलात? बांगडी तर तीच राहणार."

मी म्हणलं, "उचलायचा असेल तर उचला, नाहीतर वाट सोडा."

उचलला. तो उलटा चढत वर, मी खाली. तिसऱ्या मजल्यापर्यंत आम्ही एकमेकांशी फक्त भांडलो, प्रत्येक वळणावर आडवा घ्यायचा का उभा यावरून, दुसऱ्या मजल्यावर मी म्हणत होते उभा आणि तो म्हणत होता आडवा आणि शेवटी उभाच गेला हे नोंदवून ठेवते. आता हे आत्ता लिहिताना आठवतंय की भांडताना मी खोक्याकडे बघत नव्हते, खोकं धरलेल्या हातांकडे बघत होते. तेव्हा मला वाटलं मला राग आलाय. छाती धडधडत होती ती जिन्यामुळे. असं धरून चालले मी.

(माझी एक मैत्रीण कॉलेजात सायकॉलॉजी शिकवते, तिने हे ऐकून मला १९७४ सालचा एक प्रयोग सांगितला, कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो म्हणून झुलता पूल आहे, खाली साधारण सत्तर मीटर खोल दरी, त्या पुलावरून जाणाऱ्या पुरुषांना एका बाईने प्रश्न विचारले आणि फोन नंबर दिला, आणि साध्या भक्कम पुलावरच्या लोकांपेक्षा झुलत्या पुलावरच्या लोकांनी तिला नंतर जास्त फोन केले. म्हणजे भीतीने वाढलेले ठोके लोकांनी बाईच्या नावावर जमा केले. डटन आणि अॅरन म्हणून दोघांचा प्रयोग. मैत्रिणीचं म्हणणं, तुझा पूल म्हणजे जिना. मी म्हणलं जिना मी रोज चढते गं, दूधवाल्याबरोबर पण चढलेय.)

असो, बोर्ड. खोकं उघडलं तेव्हा तो दारातच उभा होता, आईने चहा विचारला म्हणून थांबला. आल्या आल्या वाकून प्लायवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावून ऐकलं, जसे कलिंगडवाले कलिंगड बघतात तसं. मग खिशातली फूटपट्टी काढून माप घेतलं. खेळायची जागा ७४ बाय ७४ सेंटिमीटर, बरोब्बर. स्पर्धेच्या नियमात साडेत्र्याहत्तर ते चौऱ्याहत्तर लागते आणि प्लाय कमीत कमी आठ एमएमचा लागतो, इथे बारा. पॉकेट ४.४५ सेंटिमीटर हवीत, चारही ठीक. मग बेसलाईनवरून पूर्ण जोर लावून स्ट्रायकर समोर मारला. चांगल्या बोर्डावर तो समोर जाऊन परत, परत जाऊन परत, असा साडेतीन फेऱ्या मारतो. याने मारल्या. दोघांनी मनात मोजल्या आणि दोघंही एकदम "साडेतीन" म्हणालो आणि मग दोघंही गप्प झालो कारण तोवर आमचं एकमत असं कशावर झालंच नव्हतं.

फ्रेम तीन बाय दीड इंच, लिस्टिंगमधे शिसवी लिहिलंय. तीनशे दोनच्या मते ती बाभूळ आहे, पॉलिश शिसवीचं. मला फरक पडत नाही, रिबाउंड चारही बाजूंनी सारखा येतो.

सोंगट्यांचं मात्र लिहायला पाहिजे. नऊ पांढऱ्या नऊ काळ्या एक राणी. आमच्या बँकेत सोनेतारणाचा काटा आहे, दुपारी गर्दी नसताना व्हॅल्युअर काकांना मस्का मारून मी सगळ्या सोंगट्या त्यावर ठेवून बघितल्या. नियमाने प्रत्येक पाच ते साडेपाच ग्रॅम हवी, माझ्या सेटमधल्या दोन काळ्या पाचच्या खाली भरल्या. त्या हलक्या असल्यामुळे उगाच उड्या मारतात. स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, हा बरोबर पंधरा. काकांनी विचारलं तारण ठेवायच्यात का. सोंगट्या मी नंतर वेगळ्या घेतल्या, तुम्हीही घ्या, बोर्डबरोबरच्या मुलांना द्या खेळायला.

तर त्या दिवशी चहा संपवून तो उठला आणि मी म्हणलं, गुरुवारी रात्री साडेनऊ. जो आधी २५ सेट जिंकेल तो. तो म्हणाला, मी हरलो तर? मी म्हणलं तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं, २०२४ च्या फायनलमधला ड्यू चुकीचा होता. आणि तुम्ही हरलात तर? मी म्हणलं मी नाही हरत. त्यावर तो पहिल्यांदा हसला. नीट हसला म्हणजे, तो ग्रुपवरचा हसरा इमोजी नव्हे.

पहिले पाच-सहा गुरुवार अक्षरशः युद्ध. आई समोर सोफ्यावर मालिका बघत बसायची, तिला वाटायचं आम्ही कधीतरी मारामारी करू. तो सरळ बसतो, मधल्या बोटाने मारतो, फार जोर नाही, बोट सोंगटीला सांगितल्यासारखं. मी पहिल्या बोटाने मारते आणि उलट्या बाजूच्या सोंगट्या अंगठ्याने. माझा अंगठा बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "हे कुठे शिकलात?" मी म्हणलं ठाकुर्लीला. "चांगलंय," म्हणाला, आणि पुढच्या गुरुवारी स्वतः अंगठ्याने मारायचा प्रयत्न करत होता, जमत नव्हतं, नखाला लागत होतं. मी शिकवलं नाही. प्रतिस्पर्ध्याला कोण शिकवतं.

चांगल्या बोर्डाचा एक तोटा आहे तो कुठल्याच रिव्ह्यूत कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. खराब बोर्डावर चुकलं की बोर्डाकडे बघता येतं. प्लाय वाकलाय, पावडर कमीय, पॉकेट लहानय, काही पण. यावर नाही. यावर सरळ मारलं तर सरळ जातं आणि चुकलं तर आपण चुकलो. मग बघायला समोरचा माणूस उरतो. आणि चौऱ्याहत्तर सेंटिमीटर म्हणजे किती कमी अंतर असतं ते एकदा फूटपट्टीने बघा. दोन्ही बाजूच्या फ्रेम धरून तीन फुटांच्या आत. वर दिवा टांगलेला, त्यामुळे चेहरा अर्धा अंधारात आणि हात पूर्ण उजेडात. मी तीन महिने आठवड्यातून एक रात्र, दोन-दोन अडीच-अडीच तास, एका माणसाचे हात बघितले. नखांत कितीही धुतलं तरी राहणारी काळी रेघ, उजव्या अंगठ्याजवळ जुनी भाजल्याची खूण, पावडरमधे बुडालेली बोटं, स्ट्रायकर लाईनीवर सरकवताना एक सेकंद थांबायची सवय. नवऱ्याचे हात मला आठवत नाहीत. सात वर्षं लग्न होतं.

नोव्हेंबरात अमेरिकेत कॅरमचा वर्ल्ड कप झाला, चेन्नईच्या काझिमाने तीन सुवर्णं आणली, रिक्षा चालवणाऱ्याची मुलगी. मी तिची बातमी त्याला पाठवली. ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. तो पहिला मेसेज. त्याने लिहिलं, 'बघितलं. तिच्यापुढे आपण दोघं चिल्लर.' मी त्या 'आपण दोघं'कडे जरा जास्त वेळ बघितलं. शेवटी मॅडम नव्हतं.

जानेवारीत एकदा दार उघडलं तर आत यायच्या आधीच म्हणाला, "बांगड्या?" म्हणजे चिडवायला. मी काही न बोलता दोन्ही हातांतल्या काढल्या, एकेक करून, आणि बोर्डाच्या फ्रेमवर ठेवल्या. काचेच्या नव्हेत, एकेक सोन्याची, बाबांनी केलेली. एवढंच केलं मी. पण तो त्या सेटमधे ब्रेकला चुकला, नंतर सरळ पॉकेटसमोरची काळी चुकला, आणि मी २५-४ ने जिंकले. तेव्हा मला कळलं. मग मी दर गुरुवारी बांगड्या तो आल्यावरच काढायला लागले, आधी नाही. याला चीटिंग म्हणत असाल तर म्हणा, नियमात कुठे लिहिलेलं नाही.

स्टँडबद्दल राहिलंच. लोखंडी, घडीचा, पायांच्या रबरी टोप्या दोन महिन्यांत निघाल्या, त्याने वर्कशॉपमधून नायलॉनच्या करून आणल्या. उंचीला बरोबर, पण फरशी समपातळीत नसेल तर खाली पुठ्ठा घालावा लागतो. लेव्हल बघायला ग्लासात पाणी ठेवायचं वगैरे करू नका, सांडलं तर प्लाय गेला. एक सोंगटी उभी ठेवून घरंगळते का बघा.

आता फेब्रुवारी. आई मावशीकडे नाशिकला गेलेली. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं, तो येऊन सोफ्याकडे बघून म्हणाला, "आई?" मी म्हणलं नाशिकला. "मग पुढच्या गुरुवारी खेळू?" मी म्हणलं का, आई अंपायर आहे का? बसला.

स्कोअर १७-१६, माझे सतरा. दोघंही वाईट खेळत होतो आणि दोघंही फार बोलत होतो. मी एक लांबचा कट घेत होते, जरा पुढे झुकून, आणि तो म्हणाला कोपर ऍरोच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या तिरक्या रेघेच्या, पुढे गेलं, फाउल. मी म्हणलं नाही गेलं. गेलं. नाही गेलं. त्या ड्यूपासूनचं सगळं माझ्या तोंडातून बाहेर पडलं, पार्किंग, टाकी, सगळं, तुम्हाला फक्त माझेच फाउल दिसतात, अख्खी सोसायटी कशीही खेळते ते चालतं, मी हात ठेवला की तुमचे डोळे दुर्बीण होतात. आणि तो पण आवाज चढवून म्हणाला, "अगं मग तू हातच असा ठेवतेस की दुसरीकडे बघताच येत नाही!"

पंखा फिरत होता तेवढाच आवाज.

मी म्हणलं, "तू?"

"सॉरी. तुम्ही."

"नाही," मी म्हणलं, "आता म्हणालास ना. राहू दे."

मराठीत तुम्हीवरून तूवर यायला लोकांना वर्षं लागतात, काहींची लग्नं होऊन नातवंडं होतात तरी अहो-जाहो सुटत नाही. आम्ही भांडणात उतरलो. भांडणातलं तू म्हणजे खरं तर अपमान, कॉलर धरल्यासारखं. हे तसंच निघालं होतं आणि तसं राहिलं नाही.

तो फूटपट्टी काढून म्हणाला, "मोजू?" अजूनही फाउलच चालला होता त्याचा, म्हणजे निदान नाव तरी तेच. मी कोपर होतं तिथेच ठेवलं. त्याने पट्टी बोर्डावर ठेवली आणि माझ्या कोपराच्या एक बोट अलीकडे हात थांबवला, स्ट्रायकर थांबवतो तसा, आणि विचारलं, "हात लावू?"

मी म्हणलं लाव.

कॅरमचा नियम असा की बोर्ड चालू असताना अंपायरला न विचारता खुर्चीवरून उठणं फाउल. आम्ही दोघंही उठलो. इतके महिने मला वाटायचं की हे अंतर कमी आहे, पण मधे तीन फूट बोर्ड असला की ते अजिबात कमी नसतं हे तेव्हा कळलं, त्याला वळसा घालून यावं लागतं आणि स्टँडचा पाय नडगीला लागतो. त्याला लागला. त्याने शिवी दिली, मी हसले, हसता हसताच त्याची कॉलर धरली, तेलाचा वास, साबणाचा वास, पावडरीचा. ओठ पहिल्यांदा नीट लागलेच नाहीत, दोघंही हसत होतो. दुसऱ्यांदा हसत नव्हतो. पुढचं प्रॉडक्ट रिव्ह्यूत बसत नाही. एवढंच सांगते की त्या बोर्डाची राणी सकाळपर्यंत मधेच होती, आणि सहा महिने एकमेकांवर ओरडलेल्या दोन माणसांना एकमेकांशी हळू आवाजात बोलताना फार विचित्र वाटतं, आणि नंतर वाटत नाही.

पावडरबद्दल आता लिहिते कारण संबंध आहे. बोर्डबरोबर बोरिक पावडरचा डबा येतो, बारीक आहे, गुठळ्या नाहीत, चिमूटभर पुरते, लोक उगाच पिठासारखी ओततात. लहान मुलांच्या हाती देऊ नका, पोटात जाता कामा नये. कपड्यांना लागली तर धुवावी लागत नाही, झटकली की जाते. पण झटकायची आठवण राहिली पाहिजे. मी त्या दिवशी काळा कुर्ता घातला होता. आई रविवारी आली, मशीन लावायला कपडे घेतले, कुर्ता उलटसुलट केला आणि पाठीवरची पाच पांढरी बोटं बघून एवढंच म्हणाली, "खेळ चांगला झालेला दिसतोय." आणि कुर्ता झटकून मशीनमधे टाकला. मी किचनमधे जाऊन उभी राहिले दहा मिनिटं, काम काही नव्हतं.

आणि ग्रुप. त्या गुरुवारी रात्रीच, मी झोपलेली असताना, १२ वाजून ४० मिनिटांनी याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'गणेशोत्सव २०२४ च्या फायनलमधला ड्यू चुकीचा होता. तीनशे दोन.' फेब्रुवारीत! सकाळी सेक्रेटरी काकांचा मेसेज, कोणता ड्यू? मग कोणीतरी मेंटेनन्सचा का? मग काकूंचे जोडलेले हात. मी विचारलं अरे पण पंचवीस सेट झाले नाहीत, तू हरला नाहीस. तो म्हणाला, "हरलो की."

पावसाळ्यात या बोर्डाची खरी परीक्षा होते. डोंबिवलीचा पाऊस, भिंतींना ओल, जूनच्या मध्यावर स्ट्रायकर साडेतीनवरून अडीच फेऱ्यांवर आला. प्लाय दमट हवा ओढतो आणि पावडर चिकटते, त्यात बोर्डाचा दोष नाही, सगळ्यांचंच होतं. उपाय जुनाच, वर दिवा टांगून बोर्ड तापवायचा, पण त्याला पिवळा शंभरचा बल्बच लागतो, एलईडीने काही होत नाही कारण तो तापतच नाही. तीन दुकानं पालथी घातल्यावर एक मिळाला. खेळायच्या अर्धा तास आधी लावायचा, कोरड्या सुती फडक्याने पुसायचा, ओलं फडकं अजिबात नाही. खेळून झाल्यावर कव्हर घालून भिंतीला उभा. आम्ही तो अर्धा तास पण वाया घालवत नाही, पण ते जाऊ दे.

वाचणाऱ्यांपैकी कोणी विचारेल की आता मग भांडण संपलं असेल. नाही हो. भांडण तेच आहे, टाकीच्या तारखेवर आमचं अजून जमलेलं नाही, स्कूटर अजून तिथेच लागते. मला स्वतःला ती भीती वाटली होती, की गोडीगुलाबी झाली की खेळ सपक होईल, तो मला जिंकू देईल वगैरे. एकदा दिलं त्याने जिंकू, एप्रिलमधे, सोपी काळी मुद्दाम सोडली. मी बोर्डावरच्या सगळ्या सोंगट्या हाताने विस्कटल्या आणि त्याला घरी पाठवला. परत तसं केलं नाही.

या गणपतीत सेमीफायनललाच गाठ पडली. एव्हाना अख्ख्या सोसायटीला माहीत, कोणी तोंडावर बोलत नाही. मी २५-२१ ने जिंकले, दोन तास लागले, शेवटच्या बोर्डाला माझे हात थरथरत होते आणि त्याचेही. तर मागून चौथ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा म्हणतो, "काका, सेटिंग आहे ही!" सगळी पार्किंग हसली. दोन्ही अर्थांनी हसली. तीनशे दोन त्याच्याकडे वळून म्हणाला, सेटिंग असती तर मी आज जिंकलो असतो रे, घरी जायचंय मला. फायनलला मी हरले, पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या भाच्याकडून, सरळ सरळ हरले, बोर्ड सोसायटीचाच होता पण त्याला काही नाव ठेवत नाही.

त्या रात्री गच्चीत बसलो होतो आणि मी त्याला एक गोष्ट सांगितली जी आईलाही सांगितली नव्हती. म्हणलं, बांगडी लागली होती. २०२४ ला. मला कळलं होतं, सोंगटी हललेली मी बघितली होती.

तो म्हणाला, "माहितीये."

"मग ग्रुपवर का लिहिलंस?"

"तू आता खाली जाऊन लिही, खरा होता म्हणून."

अजून लिहिलेलं नाही. इथे लिहितेय तेवढं पुरे.

तर एक स्टार डिलिव्हरीचा गेला, हलक्या सोंगट्यांचा अर्धा कापणार होते पण सोडला. तक्रार एकच राहिली. फ्रेमच्या माझ्या बाजूला, उजव्या पॉकेटजवळ, जिथे मी बांगड्या काढून ठेवते तिथे पॉलिशवर बारीक गोल ओरखडे उठलेत, आता तर पांढरे दिसायला लागलेत. वर्षाची वॉरंटी आहे म्हणून कस्टमर केअरला फोन केला होता. त्या मुलीने विचारलं ओरखडे कशाने पडले मॅडम. सांगितलं बांगड्यांनी. म्हणाली वॉरंटीत बसत नाही, बांगड्या दुसरीकडे ठेवत जा.